चार बोटांचं पाणी

वर्ध्याहून परतलो त्याला पंधरा दिवस झाले. पारावरच्या मंडळींनी पहिला प्रश्न विचारला तो उन्हाचा, दुसरा जेवणाचा. पाण्याचं कुणी विचारलं नाही. खरं तर मी गेलो होतो पाण्यासाठीच. तिकडच्या लोकांना पाणी कसं वाटून घ्यावं ते शिकवायला. शिकवून झालं, टाळ्याही झाल्या, आणि येताना डोक्यावर सात माशांचं पाप घेऊन आलो. हे असं कसं झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. लिहिता लिहिता उमगलं तर बघावं, म्हणून हा खटाटोप.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आम्ही पांझरेच्या काठचे. नदीला आडवा जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखाली गावाच्या जमिनीचे चार भाग. या भागांना आम्ही फड म्हणतो. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी द्यायचं ते गावानं नेमलेल्या पाटकऱ्यानं. शेताचा मालक कितीही मोठा असो, त्यानं पाटाला हात लावायचा नाही. मी पेशानं शाळामास्तर, पण वीसेक वर्षं या फडाचा पंचही आहे. आमच्याकडे एक नियम पोराच्या कानात बारशालाच सांगावा इतका पक्का आहे. पाणी कुठून गळताना दिसलं, तर ज्याला दिसलं त्यानं आधी ते बुजवायचं, मग कुणाचं ते विचारायचं. 'आधी बोळा, मग चौकशी.' गवताची वेणी वळून, तिला चिखल थापून बोळा कसा करायचा हे मी शाळेत पाढ्यांसारखं घोटून घेतो.

माझा मेहुणा दिगंबर, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वर्धा जिल्ह्यात कालवा निरीक्षक आहे. ऐंशी सालानंतरची ही वर्षं. धाम नदीवर वरच्या अंगाला नवं धरण झालेलं, कालवे निघालेले. दिगूचं पत्र आलं, 'दाजी, धरण झालं, कालवा झाला, पण पाण्याच्या पाळ्या बसत नाहीत. शेतकऱ्याला पाणी, शहराला पाणी, आणि वर मासेवाले वेगळेच. तुम्ही या आणि यांना तुमचा फड समजावून सांगा.' शाळेला सुट्टी लागली होती. आणि कुणी 'समजावून सांगा' म्हटलं की मास्तर घरी बसत नाही. मी दुसऱ्या दिवशी निघालो.

धामच्या काठी

रेल्वेचा प्रवास सांगत बसत नाही. भुसावळला गाडी बदलली आणि बडनेऱ्याला सुरई फुटली, एवढं पुरे. वर्ध्याला उतरलो तेव्हा वैशाखातलं ऊन असं होतं की स्टेशनाबाहेरच्या टांग्याचा घोडाही डोळे मिटून उभा होता. दिगू डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून आला होता. त्यानं मलाही तसाच एक गुंडाळला. आमच्याकडे असा वेष फक्त गोवऱ्या थापणाऱ्या बायका करतात. इथे कचेरीतले साहेबसुद्धा याच वेषात फिरत होते.

दिगूचं बिऱ्हाड पवनारच्या वर, सेलू तालुक्यात, धामच्या काठच्या एका गावात आहे. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना तोंड दाखवायला मला पुन्हा एकदा जायचं आहे. गावाला लागूनच बंधारा. दगडी खांब आणि खांबांच्या खाचांत लाकडी फळ्या, एकावर एक. वरच्या धरणातून अधूनमधून नदीत पाणी सोडतात, ते या फळ्यांनी अडतं आणि काठावरच्या पंपघरातून वर्धा शहराला प्यायला जातं.

सकाळी दिगूनं मला कालवा दाखवला. नवाकोरा, सरळ, आमच्या पाटासारखा नागमोडी नाही. पण कालव्याच्या दोन्ही अंगांना काळीभोर रिकामी शेतं. पाणी उशाशी आणि शेतकरी पावसाची वाट बघतोय! आमच्याकडे एवढ्या पाण्यावर चार गावांच्या सोयरिकी मोडल्या असत्या. बांधावर एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. दिगूनं ओळख करून दिली. पांडुरंगभाऊ, गावातले मोठे शेतकरी.

"तुम्ही कालव्याचं पाणी का घेत नाही?" मी सरळच विचारलं.

"कायले घ्याचं जी?" ते म्हणाले. "काळी जमीन हाय ही. एक पाऊस पडला का महिनाभर पानी पोटात धरते. वरून कालव्याचं देल्लं का कपाशीचे पाय सडतेत."

हे मला पटायला लागलं होतं, तोच पुढे बंधाऱ्याच्या वर, नदीकाठी त्यांची केळीची बाग दिसली. हिरवीगार. नदीत मोटर टाकलेली आणि पाणी धो धो चाललेलं.

"हे हो?"

"हे मोटरचं पानी. कालव्याचं पानी सायबाच्या मर्जीनं येते, मोटरचं माह्या मर्जीनं."

"पण पाणी एकच ना? एकाच धरणातलं?"

"एकच कसं राहीन गुरुजी? थे सरकारचं, हे माहं."

मी दिगूकडे पाहिलं. दिगू डायरीत काहीतरी लिहीत होता. मग मी पंपघरावरच्या ड्रायव्हरला विचारलं, बंधाऱ्यातलं पाणी कुणाचं? तो म्हणाला, "शहराचं." दिगूला विचारलं, तर तो म्हणाला, "आवर्तन मंजूर होईपर्यंत खात्याचं." आमच्याकडे पाण्याचा मालक एकच, फड. इथे एका ओंजळीला तीन मालक निघाले आणि तिघंही शपथेवर सांगत होते. माझं डोकं उन्हानं तापलं की या उत्तरांनी, ते कळेना.

बंधाऱ्याखाली अर्ध्या मैलावर नदी वळते आणि तिथे एक डोह आहे. काठावर ढिवरांची दहा-बारा घरं. ढिवर म्हणजे मासेमारीवर जगणारे लोक. एक म्हातारी बाभळीखाली जाळं विणत बसली होती. सगळे तिला गिरजामाय म्हणतात. मी तिला विचारलं, आज मासे मिळाले का?

"होळी झाली का या डोहात जाळं नाई टाकत आमी, बापा. पूर येईपर्यंत. मोठ्या माद्या हायेत खाली. पहिल्या पुराले वर चढतेत, अंडी टाकतेत. थेच आमचं बियानं. बियानं कोनी खाते का?"

"एवढ्या उन्हाळ्यात डोह आटत नाही?"

"मायबाई नाई आटू देत," ती म्हणाली आणि काठावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे हात जोडले.

मी मनात हसलो. देवीच्या भरवशावर पाण्याची व्यवस्था! यांना फड शिकवायलाच हवा, असं मला फार वाटलं. नदीच्या पात्रातून एक बारीक धार डोहात येत होती, ती मी पाहिली. कुठून येते हे मात्र विचारलं नाही. शिकवायला आलेला माणूस फारसं विचारत नाही.

संध्याकाळी लिंबाखाली सभा भरली. मी खडूनं फळ्यावर चार फड काढले, पाट काढला, पाटकरी काढला. तासभर बोललो. माना डोलत होत्या. 'आधी बोळा, मग चौकशी' यावर तर टाळ्या पडल्या. शेवटी मी विचारलं, काही शंका? मग मागून गिरजामायचा आवाज आला.

"गुरुजी, तुमच्या बंधाऱ्याच्या खाली कोन राह्यते?"

"खाली कुणी नाही," मी म्हणालो. "खाली नदी आहे."

ती "अस्सं" म्हणाली आणि पदर सावरून उठली. मला तो प्रश्न अडाणी वाटला होता. लाज वाटते, पण वाटला होता हे खरं.

रात्री दिगूच्या बायकोनं गोळाभात केला. भाताबरोबर शिजवलेले तिखट डाळीचे गोळे, वरून लसणाच्या फोडणीचं गरम तेल. आम्हीही तिखटाचे लोक, पण दुसऱ्या गोळ्याला मला ऐकू येईनासं झालं. "अजून एक घ्या नं दाजी," असं ती म्हणत असावी, कारण पानात तिसरा आला.

बंधाऱ्यावर, पहाटे

तिसऱ्या गोळ्यानं पहाटे लवकर उठवलं. नदीकडे जाऊन आलो आणि परतताना बंधाऱ्यावरून चाललो होतो, तर पाण्याचा आवाज आला. आवाज कुठून येतो ते माझे कान झोपेतही ओळखतात. वाकून पाहिलं. दोन खांबांमध्ये खालच्या फळीला एक खाच पडलेली आणि तिच्यातून पाण्याची जाड धार खाली नदीत चाललेली. शहराला प्यायचं पाणी, आणि असं वाया!

आता इथे जे घडलं ते मी ठरवून केलं नाही. धोतर वर खोचलं, काठावरचे लव्हाळे उपटले, वेणी वळली, गाठ मारली, काळा चिखल थापला. वरच्या बाजूनं कमरेइतक्या पाण्यात उतरून खाच चाचपली. तिच्या कडा फार सरळ होत्या, करवतीनं कापल्यासारख्या. हे मला तेव्हाच चमत्कारिक वाटलं. पण तोवर हातानं बोळा आत बसवला होता. वर्ध्याची माती इतकी चिकट की पाण्याच्या दाबानं बोळा खिळ्यासारखा बसला. आवाज थांबला. असली माती आमच्याकडे असती तर पाटाला चुना लागला नसता, असा विचार करत मी खुशीत घरी आलो. आंघोळ केली. कुणाला सांगितलंही नाही. आपल्या घरातलं गळतं भांडं उचलून सरळ ठेवलं तर माणूस सांगत फिरतो का?

पवनार आणि आर्वी

त्याच दिवशी दिगूनं मला पवनारला नेलं. धामचं पात्र तिथे खडकाळ आहे, काळ्या कातळांमधून पाणी वाट काढत जातं. वर टेकाडावर आश्रम, त्याच्या अंगणात दोघी पांढऱ्या साड्यांतल्या वयस्कर बाया निमूटपणे धान्य निवडत होत्या. आमच्याकडे दोन बाया धान्य निवडायला बसल्या की चार घरांची अब्रू सुपात येते. इथली शांतता बघून मीही हळू बोलू लागलो.

खाली कातळावर एक म्हातारबुवा कपडे धूत होते. कालपासूनचा माझा प्रश्न डोक्यात होताच. मी त्यांना विचारलं, "बाबा, हे नदीचं पाणी कुणाचं हो?"

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "नदीचं पानी नदीचं नं जी. अजून कोनाचं राहीन?"

म्हणजे मालक चार झाले. मी कातळावर बसून राहिलो. फळ्यावर काढलेले माझे चार फड मला आठवले आणि त्यांतल्या कुठल्याही चौकटीत हा म्हातारा बसेना.

दुसऱ्या दिवशी दिगूला आर्वीला काम होतं, मीही एस.टी.त बसलो. कापसाचा बाजार उन्हाळ्यात बंद, रिकाम्या आवारात फक्त बकऱ्या. स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर मटणाच्या रश्शासारखा लाल रस्सा ओतलेला बघून मी हॉटेलवाल्याला म्हणालो, चुकून माझ्या बशीत दुसऱ्याचं सांडलंय. तो म्हणाला, "पाव्हणे, तेच तं पोहे हायेत!" परतीच्या गाडीत खिडकीची झडप पडून माझं बोट चेपलं. डाव्या हाताचं, मधलं. उजवा शाबूत राहिला, आणि पुढे तोच हात कामाला आला. येताना दिगूच्या घरासाठी गोरसपाकाचा पुडा घेतला. हा वर्ध्याचा खास पदार्थ, बिस्किट आणि खारीच्या मधला काहीतरी. तो खाली ठेवेपर्यंत अर्धा संपतो.

या दोन दिवसांत मी एकदाही बंधाऱ्यावर गेलो नाही.

डोह

पाचव्या दिवशी सकाळी आरडाओरडीनं जाग आली. दिगू चपला शोधत होता. "दाजी, बंधाऱ्यावर मारामारी होतेय, चला."

बंधाऱ्यावर दोन बाजूंना दोन घोळके. एकीकडे ढिवर, दुसरीकडे पांडुरंगभाऊ आणि त्यांची माणसं. फळीत अडकलेला बोळा ढिवरांनी पहार घालून काढला होता आणि त्या झटापटीत खाचेची कड फुटली होती. आता चार बोटांच्या जागी हातभर भगदाड, आणि बंधाऱ्यातलं पाणी खाली धावत होतं. गिरजामाय गुडघाभर पाण्यात उभी. तिच्या हातात माझा बोळा होता.

"मी नाई बुजवलं!" पांडुरंगभाऊ गरजत होते. "माह्या लेकराची आन! आखाजीले बोटं मोजून देल्ली, मंग कायले बुजवीन मी?"

"तं हे काय उडत आलं?" गिरजामाय म्हणाली. "तुह्या बागेले पानी कमी पडत होतं नं?"

"आता तं बुजवतोच थांब! चोर म्हनता, तं चोरच होतो. पुढच्या साली एक बोट देनार नाई!"

मी दिगूला हळूच विचारलं, बोटं मोजून दिली म्हणजे काय? दिगू कुजबुजला, "ती खाच मुद्दाम ठेवलेली असते दाजी. डोह जिवंत राहावा म्हणून. कागदावर नाही, आमच्या खात्यातही नोंद नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतकरी, ढिवर आणि पंपघरवाला इथे जमतात आणि चार बोटं रुंद खाच कापतात. ढिवर म्हणतात जाड्या हाताची चार बोटं, शेतकरी म्हणतात बारीक हाताची. शेवटी पंपघराच्या ड्रायव्हरचा हात ठेवतात. तो ना इकडचा ना तिकडचा. मला वाटलं हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल."

मला सरळ कापलेल्या त्या कडा आठवल्या.

मग मी भ्याडासारखा घोळक्यामागून सटकलो आणि डोहाकडे चालत गेलो. मनात म्हणत होतो, आधी बघू तरी, कदाचित काही झालंही नसेल.

दोन दिवसांत ऊन आणि वाळूनं डोह अर्धा पिऊन टाकला होता. काठाचा चिखल तडकलेला. पाण्यावर सगळीकडे माशांची तोंडं, उघडमीट करणारी, वर आलेली. आवाज येत होता, चपचप, चपचप, जशी पुष्कळ म्हातारी माणसं एकदम काहीतरी चघळताहेत. बाभळीखाली ओल्या गोणपाटावर सात मासे मांडून ठेवले होते. हातभर लांब. त्यांची पोटं फुगलेली होती. अंडी, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिथे उभा राहून रडलो. मास्तर माणूस, पन्नाशीचा, आयुष्यात कधी मासा न खाल्लेला, आणि हुंदके देऊन रडलो.

परत बंधाऱ्यावर आलो तेव्हा दिगू म्हणत होता, "शांत राहा, आपण रीतसर चौकशी करू."

"चौकशी नको," मी म्हणालो. "बोळा मी घातला."

कुणाला पटेना. पांडुरंगभाऊंना वाटलं मी भांडण मिटवायला खोटं बोलतोय. मग मी गिरजामायच्या हातातून बोळा घेतला, गाठ सोडली आणि पुन्हा तशीच मारून दाखवली. ती गाठ तिकडे कुणी मारत नाही.

"काऊन जी?" गिरजामायनं विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती.

"पाणी वाया जात होतं, म्हणून."

"वाया?" ती म्हणाली. "माह्याकडे येत होतं नं थे. वाया कसं?"

मी हातातली गाठ पुन्हा सोडली.

पांडुरंगभाऊंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा! आमाले अक्कल शिकवाले आलते हे!" आणि ते खो खो हसले. हसता हसता एकदम थांबले आणि गिरजामायकडे बघून म्हणाले, "माय, मी नव्हतो नं? आता तं म्हन."

"नव्हता तू," ती म्हणाली. "चुकली मी." तेवढ्या दोन वाक्यांत ते दोन घोळके पुन्हा एक गाव झाले. मला त्यात कुठेच जागा नव्हती आणि ते योग्यच होतं.

पण भगदाडातून पाणी धावतच होतं. दुपारपर्यंत बंधारा रिकामा झाला असता. ना केळी, ना शहर, आणि डोहाला दोन दिवस पूर आणि मग पुन्हा कोरड. नवी फळी आणली. नवी खाच कापायची, तर हात कुणाचा? ड्रायव्हर लग्नाला गेलेला. पांडुरंगभाऊंनी आपला पंजा पुढे केला आणि लगेच मागे घेतला, कारण जाड्या बोटांनी त्यांचंच नुकसान. गिरजामायचा हात काटकुळा. इतक्यात तीच म्हणाली, "गुरुजीचा ठेवा."

"माझा?" मी म्हणालो. "ज्यानं बुजवलं त्याचा?"

"तुमी इकडचे नाई अन् तिकडचेबी नाई. अन् ह्या हातानं बुजवलं, तं ह्याच हातानं उघडू द्या."

मी उजवा हात फळीवर ठेवला. पश्चात्तापाच्या भरात बोटं जरा फाकवली, डोहाला थोडं जास्त मिळावं म्हणून. पांडुरंगभाऊंची नजर तीक्ष्ण. "बोटं जुळवा, गुरुजी!"

मला वाटलं गिरजामाय माझी बाजू घेईल. पण तीही म्हणाली, "जुळवा, जुळवा. चार म्हंजे चार. जास्तीचं घेतलं का उद्या त्याले बुजवावं वाटते."

दिगूनं बॉलपेननं दोन रेघा मारल्या. करवत चालली. धार पुन्हा सुरू झाली, आणि आम्ही सगळे तिच्यामागून डोहापर्यंत चालत गेलो, वरातीमागून जावं तसे. बियाणं पोटात असलेले मासे ढिवर खात नाहीत. त्यांनी मायबाईच्या दगडामागे वाळूत खड्डा केला. सातातला शेवटचा मासा गिरजामायनं माझ्या हातात दिला आणि तो मी खाली ठेवला.

निघताना ती एस.टी.पर्यंत आली होती. म्हणाली, "पुराच्या वक्ती येजो बापा. माद्या वर चढतेत थे पाह्यले."

घरी

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी मी आमच्या बंधाऱ्यावर गेलो. काय सुंदर बंधारा! एक थेंब गळत नाही. खाली पात्र कोरडं, पांढरं. पलीकडच्या काठावर एक चिंच आणि तिच्याखाली काही चुलींचे दगड. आमचा म्हातारा पाटकरी सुकदेव पाट साफ करत होता. त्याला विचारलं, "तिथे मासे धरणारे भोई राहायचे ना रे? माझ्या लहानपणी?"

"लहानपणी कशाला गुरुजी, तुम्ही पंच होईपर्यंत होते की."

"मग गेले कधी?"

त्यानं कुदळ टेकली आणि आठवलं. "तुम्ही पंच झालात त्याच्या पुढच्या सालाला. आपण बंधाऱ्याची सारी गळती बंद केली होती बघा. तुमचा सत्कार झाला होता शाळेत."

सत्कार मला आठवत होता. नारळ, शाल, भाषण. भोई गेल्याचं आठवत नव्हतं. खाली कोण राहतं, असं मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

मी वाकलो. बंधाऱ्याच्या दगडांमधल्या एका जुन्या सांध्यातला बोळा काढला. धार सुटली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर सांधा बुजवलेला. गाठ माझीच, शाळेत शिकवलेली. कुणी मारली हे विचारायची सोय नाही, सगळं गाव तीच गाठ मारतं. पुन्हा काढला, पुन्हा बुजवला. असं पंधरा दिवस चाललंय. पारावर कुणाजवळ बोललो तर म्हणतील, वर्ध्याच्या उन्हात गुरुजींचं डोकं फिरलं. आणि बोलू तरी काय? खाली डोह नाही, वाळू आहे. मासे नाहीत, भोई कुठे गेले ते ठाऊक नाही. ही धार कुणासाठी सोडायची हे मला सांगता येत नाही.

तरी रोज सकाळी जातो. बोळा काढतो आणि सांध्यात हात घालून मोजतो. चार बोटं, जुळवून.